फॉर्म ५ का थांबवला: एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच लिहायला घेतलं होतं, पण रागाच्या भरात काहीबाही लिहिलं जाईल म्हणून थांबले. आज सकाळी रजिस्टर काढलं, गाडी शिकवणाऱ्या उस्तादांना समोर बसवून सगळं विचारलं आणि मग लिहायला बसले.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मुलाला हेवी, म्हणजे ट्रकच्या लायसन्ससाठी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं, फी आगाऊ भरली. पहिले पाच दिवस त्याला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, गाडीखाली घालून कपडे काळे केले. मध्ये चार दिवस गाडीच नव्हती. उस्ताद सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडले. तीस दिवस भरल्यावर फॉर्म ५, म्हणजे प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा स्कूलचा दाखला, मागितला तर तास कमी आहेत म्हणून परत पाठवलं. हाच कागद दुसरीकडे आठ दिवसांत मिळतो, इंदूरजवळच्या पीथमपूरची ठरलेली नोकरी हातची जाईल, आणि दोन वर्षं पिकअप चालवणाऱ्या मुलाला आम्ही आणखी काय शिकवणार, असंही तुम्ही विचारलंय.

आधी आमचं जे चुकलं ते.

ते चार दिवस गाडीच्या ब्रेकचं लायनिंग बदलायचं काम निघालं होतं. ते टाळता येत नव्हतं, पण सगळ्या मुलांना फोन करणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. तुमचा मुलगा त्यातले दोन दिवस पहाटे उठून देवास नाक्यापर्यंत आला आणि तसाच परत गेला. याबद्दल मी तुमची आणि त्याची मनापासून माफी मागते. उस्तादांचंही तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. सव्वीस वर्षं त्यांनी आग्रा-मुंबई रोडवर गाडी चालवली, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवायची सवय आहे, पण चार मुलांसमोर एखाद्याची अक्कल काढणं हे शिकवणं नाही. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलंय. ते स्वतः त्याच्याशी बोलणार आहेत.

फॉर्म ५ मात्र मी आज मागितलात तरी देणार नाही. त्याचं कारण नीट सांगायला हवं, कारण तुमच्यासारखे बरेच पालक हा कागद म्हणजे फीची पावती समजतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ट्रान्सपोर्ट गाडीच्या शिकाऊसाठी दोन अटी आहेत. प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं हवं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १५ तासांचं हवं. दिवस भरले म्हणजे तास भरले असं होत नाही. त्यासाठी प्रत्येक स्कूलला फॉर्म १५ चं रजिस्टर ठेवावं लागतं. कोणत्या तारखेला किती वाजता मुलगा सीटवर बसला, किती वाजता उतरला, आणि पुढे त्याची स्वतःची सही. तुमच्या मुलाच्या पानावर बेरीज ११ तास २० मिनिटं आहे. ३ तास ४० मिनिटं कमी पडतात. त्यातला काही भाग आमच्या गाडीमुळे गेला, काही तो घरच्या लग्नाला तीन दिवस आला नाही त्यात गेला. कोणामुळे गेला हा हिशोब मी घालत बसत नाही, उरलेले तास मी विनामूल्य पुरे करून देणार आहे. पण न चालवलेल्या तासांपुढे मी त्याला सही करायला लावली, तर त्याच्या या धंद्यातल्या पहिल्याच कागदावर खोटं लिहिलं जाईल, आणि ते त्याला लिहायला लावणारी मी असेन.

शिवाय उरलेले तास कोणते तेही बघा. आतापर्यंत तो रिकामी गाडी चालवत होता. शेवटचे तास आम्ही स्टोन डस्टच्या गोण्या भरून घेतो. रिकामी गाडी वळते, थांबते, माफ करते. भरलेली गाडी ब्रेक दाबल्यावरही मागून ढकलत राहते, आणि ते पहिल्यांदा कळतं तेव्हा शेजारी दुसरा ब्रेक आणि क्लच असलेला माणूस बसलेला असावा.

पिकअपबद्दल. तुमच्या मुलाचा हात चांगला आहे, गिअर सुरेख टाकतो, हे उस्तादही म्हणतात. वय एकवीस, एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स दोन वर्षांचं, मेडिकल झालेलं, कागद सगळे बरोबर. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी चालवता येते, त्यामुळे त्याचं पिकअप चालवणं कायद्यात बसतं. पण पीथमपूरला त्याच्या हातात जी दहाचाकी देणार आहेत, तिचं मालासकट कायदेशीर वजन २८.५ टनांपर्यंत जातं. म्हणजे त्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. आणि फरक फक्त वजनाचा नाही. पिकअपचा ब्रेक तेलावर चालतो, पायाने दाबाल तितका लागतो. ट्रकचा ब्रेक टाकीत साठवलेल्या हवेवर चालतो. कॉम्प्रेसर हवा भरतो, तुम्ही दर वेळी पेडल दाबलंत की त्यातली थोडी खर्च होते. घाबरून पुन्हा पुन्हा पंप करत राहिलं की प्रेशरचा काटा खाली येतो, आणि नको त्या वेळी खाली येतो.

म्हणूनच ते पाच दिवस. पहाटे गाडी सुरू करायची, पण हलवायची नाही, प्रेशरचा काटा वर येईपर्यंत थांबायचं. टाकीच्या तळाचा कॉक उघडून साठलेलं पाणी काढायचं. मग टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा घेऊन मागच्या जोडटायरांवर एकेक ठोका. हवा भरलेला टायर ठणठणीत वाजतो, जोडीतल्या आतल्या टायरची हवा गेलेली असेल तर "थप्प" असा मेलेला आवाज येतो. बाहेरून बघून ते कधीच कळत नाही, कारण बाहेरच्या टायरने सगळं वजन पेललेलं असतं, आणि मग तोही तापून फुटतो. तुमच्या मुलाने चौथ्या दिवशी डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून आतला डावा टायर बरोबर ओळखला. उस्ताद त्या दिवशी इतके खूश होते की ऑफिसात येऊन मला सांगून गेले. कपडे काळे झाले हे खरंय, काका. पण ते पाच दिवस फुकट गेले असं मी कधीच म्हणणार नाही.

मी बारा-तेरा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुटीत बाबांबरोबर धामनोदकडे गेले होते. तेव्हा स्कूल नव्हतं, बाबा गाडीवर होते. गणपती घाटाच्या तोंडाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरून सगळे टायर ठोकले, आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या गतीने उतरायला लागले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, मला लाज वाटत होती. अर्ध्या उतारावर एक ट्रक आमच्या बाजूने सुसाट निघून गेला. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेला. तो गेल्यावर मागे जो वास राहिला तो अजून माझ्या नाकात आहे. जळालेलं लायनिंग. ड्रम तापले की लायनिंग पकड सोडतं, मग पेडल कितीही दाबा, गाडी थांबत नाही. पुढच्या वळणावर तो ट्रक डिव्हायडरवर चढून आडवा पडलेला होता. त्या घाटात किती माणसं गेली हे इंदूरच्या माणसाला मी सांगायला नको. २०२४ च्या अखेरीस तिथे नवा रस्ता सुरू झाला, फार बरं झालं. पण सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट आहेच, आणि तुमच्या मुलाची पहिलीच भाडी महाराष्ट्राकडची असणार.

आणखी एक गोष्ट, जी मी सहसा कोणाला सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडून एक मुलगा पास होऊन गेला. तास पूर्ण, रजिस्टर चोख. फक्त डावं वळण कच्चं होतं. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने येत नाहीत, आतून कापत येतात, आणि तो मुलगा वळण नेहमी लवकर घ्यायचा. बाबांना खटकत होतं, पण त्याच्या घरची ओढाताण बघून त्यांनी सही केली. दोन महिन्यांनी एका बाजारात त्याची मागची चाकं फुटपाथवर चढली आणि भाजीची गाडी चिरडली गेली. भाजीवाली बाई पाणी आणायला म्हणून उठली होती, म्हणून वाचली. मुलाने पहिला फोन बाबांना केला. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे १५ तास ही कमीत कमी मर्यादा आहे, त्याच्या पुढे उस्ताद "झालं" म्हणतील तेव्हाच सही होते. सरकारने २०२१ पासून जी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रं सुरू केली, तिथे जड वाहनाचा कोर्स ६ आठवड्यांत, थिअरी आणि प्रॅक्टिकल मिळून, ३८ तासांचा ठेवलाय. त्यापुढे १५ तास म्हणजे काहीच नाहीत.

आठ दिवसांत कागद मिळण्याबद्दल एवढंच सांगते, की त्याने लायसन्स लवकर मिळत नाही. लर्निंग लायसन्स काढल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय आरटीओ टेस्ट घेतच नाही. वाचतं ते फक्त शिकणं.

नोकरीची तुमची काळजी मला समजते. घरात पहिला पगार येणार आहे आणि तो आमच्यामुळे लांबतोय असं तुम्हाला वाटलं, त्यात तुमचं काही चूक नाही. कंपनीच्या सुपरवायझरचा नंबर मला पाठवा, मी स्वतः फोन करून सांगते की मुलगा तयार होतोय, आठवडाभर थांबा. चांगल्या ड्रायव्हरसाठी कोणीही मालक आठवडाभर थांबतो.

येत्या सोमवारपासून गुरुवारपर्यंत सकाळी सहाचा पहिला नंबर त्याचाच ठेवलाय. रोज ५५ मिनिटं, भरलेली गाडी, बायपासवर. चार दिवसांत तास पुरे होतात. पैसे एकही रुपया नाही. त्याचं लर्निंग सहा महिन्यांसाठी असतं, अजून साडेचार महिने हातात आहेत, तेव्हा ते संपायची भीती मनातून काढा. गुरुवारी तुम्हीही या, केबिनमध्ये मागे बसायला जागा आहे. तो गाडी कशी थांबवतो ते स्वतः बघा, मग रजिस्टर बघा, आणि उस्तादांनी "झालं" म्हटलं तर फॉर्म ५ तुमच्यासमोरच सही करून देते. तो एकदा तरी येऊन गेला की मग रिव्ह्यू ठेवा किंवा बदला, तुमची मर्जी.

सोमवारी त्याला जुने कपडे घालून पाठवा, आणि चप्पल नको, बूट.