‘मेकॅनिकला हिरो करताय’ या कमेंटला उत्तर

दादा, कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की बॅटल ऑफ ब्रिटन (१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनवर झालेली जर्मनीविरुद्धची हवाई लढाई) पायलटांनी जिंकली, मी उगाच पाना-पक्कडवाल्यांना डोक्यावर घेतलंय, आणि विमानं काढूनच युद्ध जिंकता आलं असतं तर १९४४ ला जवळपास ४० हजार विमानं काढणारा जर्मनी हरला कसा.

आधी माझी चूक. सिव्हिलियन रिपेअर ऑर्गनायझेशन (मोडलेली लढाऊ विमानं दुरुस्त करणारी ब्रिटिश नागरी व्यवस्था) बीव्हरब्रुकने सुरू केली असं मी लिहिलेलं, ते चुकलंच. तो ब्रिटनचा विमान-उत्पादन मंत्री झाला मे १९४० मध्ये, आणि ही व्यवस्था त्याच्या आधीच उभी होती, लॉर्ड नफिल्डकडे, म्हणजे मॉरिस गाड्यांवाल्याकडे. पोस्टमध्ये दुरुस्त करतो.

बाकी मात्र नाही पटलं. पायलटला कमी लेखायचा प्रश्नच नाही हो, पण सकाळी विमानाची चाळण करून घेऊन आलेल्या पायलटला दुपारी बसायला विमान कुठून यायचं ते पण बघा ना. त्या उन्हाळ्यात फायटर स्क्वाड्रनना मिळालेल्या विमानांतली साधारण ३५ टक्के नवी नव्हतीच, रिपेअर होऊन परत आलेली. शेतात पडलेलं विमान लांबलचक ट्रेलरवर घालायचं (त्या ट्रेलरला क्वीन मेरी म्हणायचे, त्या नावाच्या मोठ्या जहाजावरून), ऑक्सफर्डजवळच्या काउलीला नाहीतर दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपला न्यायचं, आणि याचा पंख त्याचं इंजिन असं करत एक धड विमान उभं करायचं. त्यात ब्रिटिशांची दोन मुख्य फायटर विमानं, हरिकेन आणि स्पिटफायर. हरिकेन म्हणजे नळ्यांचा सांगाडा, मागच्या भागावर कापड, गोळ्या आरपार गेल्या तरी बऱ्याचदा ठिगळावर भागायचं, स्पिटफायरच्या पत्र्याचे नखरे जास्त. आणि हे जमायचं कारण लढाई स्वतःच्या जमिनीवर होती, जर्मनांचं विमान इंग्लिश खाडीत गेलं की गेलंच.

१९४४ चं म्हणाल तर तो मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. ४० हजार हा कारखान्याच्या गेटवरचा आकडा. त्याच वर्षी मे महिन्यापासून अमेरिकन बॉम्बर जर्मनीतल्या लॉयनासारख्या सिंथेटिक पेट्रोलच्या (कोळशापासून पेट्रोल बनवणाऱ्या) कारखान्यांवर तुटून पडले, पेट्रोल नाही म्हणून नव्या पोरांचं ट्रेनिंग कापलं, मग गेटबाहेर कितीही विमानं उभी करा. इथे पायलट महत्त्वाचा हे तुमचं म्हणणं मान्य, फक्त तो पायलट पण सप्लायनेच मारला.

आणि ‘आपला काय संबंध’ विचारलंत म्हणून सांगतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली ती विमानं बनवायलाच. १९४२ ला त्यांनी हिस्सा सरकारला विकला, १९४३ ला कारखाना अमेरिकन हवाईदलाकडे गेला, आणि तिथं मुख्य काम काय झालं तर ओव्हरहॉल आणि रिपेअर! युद्धानंतर कानपूरला मुद्दाम मोडून टाकलेली लिबरेटर बॉम्बर याच कंपनीच्या लोकांनी पुन्हा उडवली, आणि आपल्या हवाईदलाने ती १९६८ पर्यंत वापरली.