केबलवाल्याचा निर्णय अंतिम राहील

मी बरोबर होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण शनिवार रात्रीपासून घरात हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारलंय की बायको आता त्यावर फक्त "बरं, भात वाढू?" एवढंच विचारते.

आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीत 'नव्वदीची संध्याकाळ' होती. भिंतीवर दोऱ्याने टांगलेल्या कॅसेटी, पोरांच्या अंगावर एमटीव्ही या गाण्यांच्या चॅनेलचा तो ठोकळा 'एम' छापलेले टीशर्ट, आणि शेवटी प्रश्नमंजुषा. बक्षीस, सँडविच टोस्टर. अंतिम प्रश्न आला : एमटीव्ही भारतात दिसायला कधी लागला? मी बझर वाजायच्या आत ओरडलो, १९९१. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने मोबाईलवर अंगठा फिरवला आणि माईकवरून जाहीर केलं, "चुकीचं उत्तर, अंकल! १९९६."

आता १९९६ साली एमटीव्हीने खास भारतासाठी वेगळा चॅनेल काढला, हे मान्य. पण १९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला, त्याच्याबरोबरच बीबीसी, खेळांचा चॅनेल, चिनी कार्यक्रम आणि एमटीव्ही एकाच छत्रीतून घरात पडायला लागले होते. १९९४ मध्ये दोघांचं बिनसलं, एमटीव्ही बाहेर पडला आणि स्टारने त्याच्या जागी चॅनेल व्ही बसवला. हे सगळं मी उभं राहून, माईकशिवाय, तारीखवार सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "टोस्टरसाठी एवढं?"

प्रकरण परीक्षकांकडे गेलं. परीक्षक एकच, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर. टोस्टर त्यांनीच पुरस्कृत केलेला असल्याने निवडीचा प्रश्न आला नव्हता. हे म्हणजे आमच्या गल्लीचे एकेकाळचे केबलवाले. तेव्हा खांद्यावर काळ्या वायरचं भेंडोळं आणि मागच्या खिशात पक्कड घेऊन या गच्चीवरून त्या गच्चीवर जायचे. आता इंटरनेटचा धंदा आहे, पांढरा शर्ट आहे, दोन फोन आहेत आणि सगळे त्यांना दादा म्हणतात.

"तू मास्तरांचा ना? तळमजला?" दादांनी विचारलं.

"हो."

"आपल्या गल्लीत केबल मी कधी टाकली?"

"त्र्याण्णवला."

"मग एक्क्याण्णवला एमटीव्ही आला कुठून?"

"दादा, आपल्या गल्लीत नव्हता. भारतात होता. मी स्वतः पार्ल्याला मामाकडे बघितलाय, ब्याण्णवच्या मे महिन्यात."

"पार्ला माझ्या एरियात नाही."

टाळ्या पडल्या. मी म्हणालो, "अहो, प्रश्न भारताबद्दल आहे!"

"भारतात केबल कोण टाकतं?"

"...केबलवाले."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नाही. मी तरी बोलत राहिलो. उपग्रह, हाँगकाँग, सगळं पुन्हा एकदा. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग लोकांकडे वळून, मला अजिबात न विचारता, म्हणाले, "हा पोरगा हुशार होता. पण रात्री अकरानंतर काय बघायचा ते मला माहीत आहे. तारेवरून कळायचं आपल्याला."

तारेवरून काहीही कळत नाही. त्या काळची केबल एकेरी होती. चित्र त्यांच्याकडून माझ्याकडे यायचं, माझ्याकडून त्यांच्याकडे जायला तिच्यात काही सोय नव्हती. हे तांत्रिक स्पष्टीकरण मी तिथल्या तिथे दिलं, आणि ते दिल्याबरोबर सभागृहातल्या यच्चयावत काकूंची खात्री पटली की मी काहीतरी बघत होतो.

"आणि मास्तरांकडची तीन महिन्यांची बाकी राहिली ती राहिलीच," दादा म्हणाले. "जाऊ दे. मास्तर देवमाणूस."

टोस्टर १९९६ म्हणणाऱ्या बारावीतल्या मुलीला गेला.

वैताग याचा की हा माणूस तत्त्वतः अगदीच चूक नाही. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाला तेव्हा मॅनहॅटनच्या केबलवर तो नव्हताच. चॅनेल काढणारी मंडळी न्यूयॉर्कची, आणि स्वतःचा चॅनेल बघायला त्यांना नदी ओलांडून न्यू जर्सीतल्या फोर्ट लीच्या एका हॉटेलात जाऊन बसावं लागलं. म्हणजे तेही दादांच्या भाषेत एरियाबाहेरचेच. पुढच्या वर्षी त्यांनी मिक जॅगर, डेव्हिड बोवी वगैरे मंडळींना जाहिरातीत उभं करून प्रेक्षकांना सांगितलं, आपापल्या केबलवाल्याला फोन करा आणि एमटीव्ही मागा. अमेरिकेतल्या केबलवाल्यांपुढे साक्षात जॅगरला पदर पसरावा लागला. आमच्या गल्लीतून मी एकटा गेलो होतो. दादांनी मला बाकीची आठवण करून दिली आणि एमटीव्ही शेवटच्या बटणावर टाकला, जिथे नुसत्या मुंग्या. चांगली बटणं कुठल्या चॅनेलला द्यायची हे तेच ठरवत. सगळ्यात स्वच्छ दिसायचा त्यांचा स्वतःचा व्हिडिओ चॅनेल, ज्यावर रात्री पिक्चर लागायचा आणि मध्येच पट्टी फिरायची : 'साड्यांचा भव्य सेल, स्टेशनजवळ'.

नंतर चॅनेल व्ही मात्र बरा दिसायचा. तिथली निवेदिका रुबी भाटिया कॅनडात वाढलेली. तिचं बोलणं मला निम्मंच कळायचं, पण त्या निम्म्यावर मी कॉलेजात वर्षभर भाव खाल्ला. वडिलांना त्या चॅनेलवरचं एकच पात्र मान्य होतं, तो काउबॉयच्या वेशातला क्विकगन मुरुगन. त्याचं इंग्रजी त्यांना पूर्ण कळतं म्हणायचे. आईचा विरोध १९९५ साली मावळला. 'मेड इन इंडिया'च्या व्हिडिओत मिलिंद सोमण आला तेव्हा ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "सोमणांचा ना हा? मग शर्ट का नाही घातला?" त्यानंतर ते गाणं लागलं की ती शर्टाची चौकशी करायला नियमित यायची, आणि गाणं संपेपर्यंत उभ्याने चौकशी करायची. वडील या काळात पेपर वाचत. एरवी तो त्यांचा सकाळीच वाचून झालेला असे.

असो. मला राग त्या टीशर्टांचा जास्त येतो. ज्या पोरांनी त्या चॅनेलवर एक गाणं पूर्ण पाहिलेलं नाही ती छातीवर 'एम' लावून हिंडतात, कारण तो म्हणे 'रेट्रो' आहे. चॅनेल व्हीने २०१२ मध्ये गाणी सोडून तरुणांच्या मालिका धरल्या; २०१८ मध्ये तोही गेला आणि त्या जागी खेळ आले. एमटीव्हीवर २००३ पासून 'रोडीज'मधली मोटरसायकलवरची भांडणं. २०२५ च्या ३१ डिसेंबरला ब्रिटनमधले एमटीव्हीचे नुसती गाणी लावणारे चॅनेलही बंद झाले. मूळ वस्तू गेली की तिची तोरणं करता येतात, हे मी समजू शकतो. पण निदान ज्याने ती वस्तू वापरलीय त्याला माईक द्या. माझ्या आठवणीला उत्तरपत्रिका लावून, वर "अंकल" म्हणून, खाली बसवतात! फोनमध्ये लिहिलंय ते खरं आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलंय ते टोस्टरसाठी. बायको म्हणते, इतकं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. तिला काय जातं. त्र्याण्णवला ती नागपूरला होती, तिथला केबलवाला म्हणे सज्जन होता.

कार्यक्रमानंतर बटाटेवड्याच्या रांगेत दादा मागे येऊन उभे राहिले. खांद्यावर हात. "राग मानू नको. तुझं नेट कुणाचं आहे? माझं घे. टीव्हीचे चॅनेल फुकट देतो त्यावर. एमटीव्ही पण देतो."

"दादा, एमटीव्हीवर हल्ली गाणी लागत नाहीत."

दादांनी वडा मोडला, चटणीत बुडवला. "तुझ्याकडे तेव्हा तरी कुठे लागायची? मुंग्याच होत्या."