नोव्हेंबरच्या वर्गणीचा पैसा कुठे जातो?

अमेरिकेतील कॅथलिक चर्चमध्ये दरवर्षी नोव्हेंबरात, बहुधा थँक्सगिव्हिंग या सणाच्या आदल्या रविवारी, ‘कॅथलिक कॅम्पेन फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट’ या निधीसाठी मिस्सेच्या, म्हणजे सामूहिक उपासनेच्या, वेळी वर्गणी गोळा केली जाते. तो रविवार जवळ आला की एक दावा नेमाने फिरू लागतो. हा पैसा गरिबांपर्यंत पोहोचतच नाही, तो डाव्या राजकीय संघटनांकडे जातो, त्यातून चर्चच्या शिकवणुकीविरुद्ध वागणारे पोसले जातात, बिशपांना, म्हणजे धर्मप्रांतांच्या प्रमुखांना, त्याचा पत्ता नसतो, आणि खरा दानधर्म म्हणजे भुकेल्याला जेवू घालणे, असे त्याचे सार असते. या दाव्यातली एक गोष्ट खरी आहे आणि तिच्याकडे मी येणारच आहे. पण तिच्या टेकूवर उभा केलेला बाकीचा डोलारा तपासणीत टिकत नाही.

पैसा गरिबांपर्यंत पोहोचत नाही, हे म्हणणे निधीचा उद्देशच न समजल्यामुळे केले जाते. अमेरिकेच्या बिशपांनी १९६९ मध्ये हा निधी उभारण्याचे ठरवले आणि १९७० मध्ये पहिली वर्गणी घेतली, ती घरोघर धान्य वाटण्यासाठी नव्हती. गरीब माणसे स्वतः ज्या संघटना चालवतात, ज्यांच्या निर्णयांत त्यांचा आवाज असतो, त्यांना उभे राहण्यापुरते बळ द्यावे, ही कल्पना होती. प्रत्यक्षात याचा अर्थ काय होतो, ते फ्लोरिडातल्या इमोकली या गावात दिसते. तिथे टोमॅटो तोडणाऱ्या मजुराला बत्तीस पौंडांच्या, म्हणजे सुमारे साडेचौदा किलोंच्या, एका बादलीमागे वर्षानुवर्षे चाळीस-पन्नास सेंट मिळत. चाळीस सेंटांच्या दराने दिवसाला ५० डॉलर कमवायचे तर १२५ बादल्या, म्हणजे १,८०० किलोंहून अधिक टोमॅटो तोडून, खांद्यावरून ट्रकपर्यंत वाहून न्यावे लागत. या मजुरांनी १९९३ मध्ये गावातल्या एका चर्चच्या खोलीत बैठका घ्यायला सुरुवात केली आणि पुढे जी संघटना उभी राहिली, तिला या निधीने अनुदान दिले. संघटनेची मागणी साधी होती: मोठ्या खरेदीदारांनी पौंडामागे एक सेंट जास्त द्यावा आणि तो मजुराच्या पगारात उतरावा. टाको बेल या खाद्यपदार्थांच्या दुकानसाखळीवर चार वर्षे बहिष्कार चालला. २००५ मध्ये कंपनीने मागणी मान्य केली, २००७ मध्ये मॅकडॉनल्ड्सने आणि २०१४ मध्ये वॉलमार्टने. पौंडाला एक सेंट म्हणजे बादलीमागे बत्तीस सेंट. एवढी वाढ मिळवून द्यायला अन्नाची किती पाकिटे वाटावी लागली असती, याचा हिशेब दावा करणाऱ्यांनी मांडावा.

राजकारणाचा आरोप अधिक गंभीर आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ केली जाते. मजुरी, घरभाडे किंवा सावकारी व्याजाच्या प्रश्नावर लोकांना संघटित करणे हे व्यापक अर्थाने राजकारण आहेच, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार ही निराळी गोष्ट असून, करमुक्त धर्मादाय संस्थांना अमेरिकी कायद्यानेच त्याला मनाई आहे आणि निधीच्या नियमांतही ती आहे. गरीब वस्त्यांतल्या लोकांना संघटित करणारे डावे कार्यकर्ते सॉल अलिन्स्की यांचे नाव घेऊन जो धाक घातला जातो, त्याबद्दल एवढेच सांगतो की १९३९ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत त्यांनी रहिवाशांची जी परिषद उभारली, तिला बिशप बर्नार्ड शील यांचा उघड पाठिंबा होता. चर्च आणि वस्तीसंघटन यांचे नाते या निधीहून तीस वर्षांनी जुने आहे. ते कुणी गुपचूप आत घुसवलेले नाही.

आता खरी गोष्ट. गरीब वस्त्यांतल्या लोकांना संघटित करणाऱ्या ‘एकॉर्न’ या देशव्यापी संघटनेच्या शाखांना हा निधी कित्येक वर्षे पैसे देत होता. संस्थापकाच्या भावाने संघटनेच्या सुमारे दहा लाख डॉलरची अफरातफर केल्याचे आणि ती वर्षानुवर्षे दडपल्याचे २००८ मध्ये उघड झाले. त्याच वर्षी निधीने अनुदान थांबवले, हे दाव्यात कधीच सांगितले जात नाही. मात्र आधीची देखरेख ढिली होती, हे टीकाकारांचे म्हणणे रास्तच होते, आणि अनुदान घेणाऱ्या काही गटांनी चर्चच्या शिकवणुकीला विरोधी भूमिका घेतल्याचेही पुढे आले. त्यानंतर २०१० मध्ये नियमांचा फेरविचार होऊन अटी कडक झाल्या: शिकवणुकीविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेला अनुदान नाही, आणि दिलेले असल्यास ते बंद. टीका झाली नसती तर हे घडले असते असे मला वाटत नाही. पण दुरुस्तीनंतरही जुनाच आरोप जसाच्या तसा फिरवत राहणे ही टीका उरत नाही.

बिशपांना पत्ता नसतो, हे तर सरळ चुकीचे आहे. स्थानिक बिशपांच्या संमतीशिवाय त्यांच्या धर्मप्रांतातल्या संघटनेला राष्ट्रीय निधीतून अनुदान मिळत नाही, आणि वर्गणीचा चौथा हिस्सा त्याच धर्मप्रांतात राहतो. काही बिशपांनी ही वर्गणी घेणेच बंद केले आहे, तेही डोळे उघडे ठेवूनच.

उरला भुकेल्याच्या जेवणाचा मुद्दा. ते काम कॅथलिक चॅरिटीज ही चर्चची मदतसंस्था करते, १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची सोसायटी करते, आणि परदेशांतल्या मदतीसाठी १९४३ पासून कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस आहे. त्यांच्यासाठी देणग्या वेगळ्या घेतल्या जातात. ज्याला आपला पैसा फक्त जेवणासाठीच जावा असे वाटते, त्याने तो तिथे द्यावा. त्यासाठी इमोकलीच्या मजुरासारख्यांसाठी घेतली जाणारी वर्गणी अडवण्याचे कारण नाही.