‘शेंबडं पोरही सांगेल’ : हवानाच्या लढतीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बॉक्सिंगमधला पहिला काळा हेवीवेट जगज्जेता जॅक जॉन्सन आणि त्याचा गोरा प्रतिस्पर्धी जेस विलार्ड यांच्या लढतीवरच्या माझ्या लेखाखाली ‘जुना वाचक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती मी काढलेली नाही, काढणारही नाही. दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नाही, म्हणून इथे वेगळं लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 5 एप्रिल 1915 रोजी क्युबातल्या हवानाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर जॉन्सन 26व्या फेरीत खरोखर हरला, त्याने ती लढत मुद्दाम सोडली नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर जुना वाचक लिहितात : “जन्मात कधी हातात ग्लोव्ह न चढवलेल्या माणसाने दोन व्हिडिओ बघून लिहिलेला भाबडा लेख. जॉन्सन पडून राहिला होता, हे फोटो बघून शेंबडं पोरही सांगेल.” पुढे ते म्हणतात की विलार्डचं वय मी चुकीचं दिलं आहे, विजेता झाल्यावर जॉन्सनने सॅम लँगफर्ड या दुसऱ्या तगड्या काळ्या बॉक्सरला टाळलं त्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही, आणि मराठीत लिहायचंच असेल तर खाशाबा जाधवांवर लिहावं.

आधी माझी चूक. विलार्ड त्या दिवशी 33 वर्षांचा होता, मी 35 लिहिलं. तुमचं बरोबर आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता बाकीचं.

मतभेदाचं मला काही वाटत नाही. अमेरिकेतल्या रीनोमध्ये जॉन्सन आणि माजी गोरा जगज्जेता जेफ्रीज यांच्यात झालेल्या लढतीवर लिहिलं तेव्हा जेफ्रीजच्या बाजूने वाचक माझ्याशी आठवडाभर भांडत होते. जेफ्रीज 1905 साली अजिंक्य म्हणून निवृत्त झाला होता, पाच वर्षांनी गोऱ्यांच्या आग्रहाखातर त्याला शेतावरून उठवून आणलं, त्याने शंभरेक पौंड वजन उतरवलं आणि 4 जुलै 1910 रोजी 15व्या फेरीत आयुष्यात पहिल्यांदा तो खाली पडला. त्याला न्याय मिळाला नाही, असं त्या वाचकांचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही, पण त्यातल्या एकानेही माझी लायकी काढली नव्हती. समोरच्याला आपण ओळखत नाही तेव्हा ‘जन्मात कधी’ हे शब्द लिहिण्याआधी माणसाने थांबावं. तुम्ही थांबला नाहीत.

मी ग्लोव्ह घातले आहेत. कॉलेजची चार वर्षं रोज पहाटे साडेपाचला, पत्र्याच्या छताच्या एका हॉलमध्ये. ग्लोव्ह सगळ्यांत मिळून सहा जोड होते. आधीच्या मुलाच्या घामाने ओले झालेले, आत हात घातला की गार लागायचे आणि दुसऱ्या फेरीपर्यंत जड व्हायचे. मी मोठा बॉक्सर नव्हतो आणि तसा दावा कधी केला नाही. एकूण अकरा लढती, त्यातल्या सहा जिंकल्या. पण तुमच्या प्रतिक्रियेतल्या त्या एका वाक्याचं उत्तर या अकरांपैकी एका लढतीत आहे, म्हणून ती सांगतो.

मे महिना होता. रिंग उघड्या मैदानात बांधली होती आणि दुपारचा एक वाजला होता. तिसऱ्या फेरीत मी थकलो, डावा हात खाली आला आणि समोरच्याचा उजवा ठोसा हनुवटीवर बसला. पडल्याचं मला आठवत नाही. आठवतं ते हे : डोळ्यांपुढे पांढरा प्रकाश, आणि रेफ्रीचा आवाज थेट ‘चार’पासून ऐकू आला. एक, दोन, तीन मी ऐकलेच नाहीत. माझे दोन्ही हात चेहऱ्यावर होते. ते मी तिथे नेले नव्हते. ऊन डोळ्यांत जात होतं आणि हात आपले आपणच वर आले होते. ‘सात’ला मी उठायचं ठरवलं. पाय ऐकेनात. गुडघे दुमडले गेले, पण त्यांच्यात जीव नव्हता.

संध्याकाळी हॉलवर सगळ्या मुलांसमोर प्रशिक्षक मला म्हणाले, “पडून घेतलंस. बेशुद्ध माणूस डोळ्यांवर हात घेत नाही.” मी काहीच बोललो नाही. वय एकोणीस, समोर गुरुजी, काय बोलणार? त्यानंतर मी एकच लढत लढलो. या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आणि तुम्ही तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, माझ्या लेखाखाली आणून ठेवलंत.

आता तो फोटो पुन्हा बघा. जॉन्सन पाठीवर पडलेला आहे, गुडघे वर, ग्लोव्ह घातलेला हात डोळ्यांवर आलेला. विलार्ड बाजूला उभा, रेफ्री जॅक वेल्श मोजतो आहे. वर क्युबाचं ऊन. हा दहा आकड्यांमधला एक क्षण आहे. त्याच्या आधी काय झालं ते फोटोत नाही, फिल्ममध्ये आहे. आधी 25 पूर्ण फेऱ्या झाल्या होत्या. तीन मिनिटांची फेरी आणि मधली एकेक मिनिटाची विश्रांती धरली तर शंभर मिनिटं होतात. पाच दिवसांपूर्वी वयाची 37 वर्षं पूर्ण केलेला माणूस, साडेसहा फूट उंचीच्या आणि आपल्याहून चार वर्षांनी लहान गड्यासमोर, शंभर मिनिटं उन्हात उभा होता. लढत 45 फेऱ्यांची ठरलेली होती आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत जॉन्सन सरस होता, विलार्डला संपवायला बघत होता. आपल्याकडे कुस्तीच्या फडात नुरा कुस्ती बघितलेली माणसं आहेत, त्यांना विचारा. ज्याला पडूनच घ्यायचं आहे तो शंभर मिनिटं मार खातो का? स्वतः विलार्डही पुढे हेच म्हणाला होता : त्याला सोडायचीच होती तर जरा आधी सोडायची, तिथे नरकासारखं उकडत होतं.

तुमचा आधार म्हणजे जॉन्सनची कबुली. मी सोडली, हे तो पुढे स्वतःच सांगत राहिला, हे मलाही माहीत आहे आणि लेखात ते आहे. हरलो तर अमेरिकेत घरी परत येऊ देणार होते, असं त्याचं म्हणणं. 1913 साली मान कायद्याखाली, म्हणजे अनैतिक कामासाठी बाईला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्धच्या अमेरिकी कायद्याखाली, त्याला एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली होती, गोऱ्या बाईबरोबर राहिला हाच खरा गुन्हा होता, आणि तो देश सोडून पळाला होता. ठीक. मग हवानात हरल्यावर त्याला कुणी घरी येऊ दिलं? पाच वर्षं तो बाहेरच भटकला. जुलै 1920 मध्ये सरहद्दीवर स्वतःहून अमेरिकी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगली. हा कसला सौदा, ज्यात किताब गेला तो गेलाच आणि बेड्याही चुकल्या नाहीत?

तो असं का म्हणाला, हे मला कळतं. तुम्हाला ते कळावं अशी माझी फार इच्छा आहे. 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीत तेव्हाचा गोरा जगज्जेता टॉमी बर्न्ससमोर तो उभा राहिला तेव्हा बर्न्सला 30,000 डॉलर मिळाले आणि त्याला 5,000. त्याने बर्न्सला इतकं मारलं की 14व्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली. रीनोनंतर अमेरिकेत गावोगाव दंगली झाल्या, काळी माणसं मारली गेली, लढतीच्या फिल्मवर बंदी आली. सहा वर्षं एक अख्खा देश त्याला खाली पाडायला माणूस शोधत होता. तो माणूस सापडला आणि त्याने खरंच पाडलं. हे पचवणं किती जड असेल? मी पडून घेतलं, असं म्हणणं त्याला सोपं गेलं, कारण मग निदान निर्णय त्याचा होता. माझ्या बाबतीत उलटं झालं. मी खरा पडलो होतो आणि ते कुणी मानलं नाही. म्हणूनच जॉन्सनचं पडणं कुणी खोटं म्हटलं की मला राग येतो. 25 फेऱ्या तो प्रामाणिकपणे लढला, आणि ते श्रेय तुम्ही त्याच्याच एका वाक्याच्या जोरावर त्याच्याकडून काढून घेता.

लँगफर्डचा मुद्दा वेगळ्या लेखाचा आहे. 1906 साली जॉन्सनने त्याला 15 फेऱ्यांत हरवलं होतं, तेवढं मला पुरे. हवानाच्या निकालाशी त्याचा संबंध नाही.

खाशाबांवर मी लिहिलेलं आहे. ब्लॉगवर शोधलं असतंत तर सापडलं असतं.

तुम्ही स्वतः कधी रिंगमध्ये उतरला होतात का, हे मी विचारणार नव्हतो. पण माझ्याबद्दल न विचारताच तुम्ही ठरवून टाकलंत, तेव्हा आता विचारतो. उतरला असाल तर कधी खाली पडलात का, आणि पडलात तेव्हा हात कुठे होते, तेवढं लिहा. ती प्रतिक्रिया मी आनंदाने छापेन. शेंबड्या पोराला मध्ये आणू नका.

विलार्डचं वय दुरुस्त झालं आहे. फोटोखालची ओळ मात्र बदलणार नाही. ती अशी आहे : ‘26वी फेरी. जॉन्सन नॉकआउट.’