२० मिनिटं ध्यान म्हणजे ४ तास झोप? कायबी काय!

तालमीच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडं एकच मेसेज फिरतोय. म्हणे २० मिनिटं माइंडफुलनेस मेडिटेशन (आत्ता जे चाललंय त्याकडं नुसतं लक्ष ठेवायचं ध्यान) केलं की ४ तासांच्या झोपेचं काम होतं, फक्त मन एकदम शून्य करायचं, पहिल्याच रात्री फरक पडतो, घोरणं पण थांबतं आणि झोपेच्या गोळ्या त्याच दिवशी कचऱ्यात टाकायच्या. खाली हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’. माझा मेडिटेशनला विरोध नाही हां, मी स्वतः करतो, म्हणून तर वाचून लई डोकं फिरलं.

आधी ते ४ तासांचं गणित बघू. हातकणंगल्याजवळ आळत्याला विपश्यना केंद्र आहे, आपल्यातलं कुणी ना कुणी १० दिवस बसून आलेलं असतंय, त्यांना तिथलं टाइमटेबल विचारा. पहाटे ४ ला घंटा, दिवसभरात मिळून १० तासांच्या आसपास ध्यान आणि रात्री ९:३० ला लाइट बंद. आता मेसेजच्या हिशोबानं १० तास ध्यान म्हणजे १२० तासांची झोप, पाच दिवस झाले की हो! मग लाइट बंद करून माणसांना झोपवतात कशाला? जे आयुष्यभर ध्यान शिकवतात ते पण झोपेला सुट्टी देत नाहीत आणि हा फॉरवर्डवाला देतोय.

कारण साधं आहे. आपण जागं असतो तोवर मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानंच झोप दाटून येते आणि ते उतरतं झोपल्यावर. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याचा परिणाम नुसता अडवून धरतंय, कमी करत नाही. ध्यानात डोळे मिटलेले असले तरी माणूस जागाच असतो, निवांत असतो पण जागा. खऱ्या झोपेत साधारण ९० मिनिटांची फेरी असते, त्यात गाढ झोप येते, स्वप्नांची झोप येते, आणि अशा चार-पाच फेऱ्या रात्रीत व्हाव्या लागतात. मोठ्या माणसाला किमान ७ तास झोप हवी असं डॉक्टर लोक सांगतात ते उगाच नाही. घरात बसून वाचणाऱ्याला हा मेसेज गंमत वाटेल, पण गोकुळ शिरगावला थर्ड शिफ्ट करून सकाळी हायवेनं बाइकवर घरी येणाऱ्या पोरानं हे खरं मानलं आणि दुपारची झोप सोडून २० मिनिटं मांडी घालून बसला तर? पेंग येताना ब्रेक कोण मारणार?

‘मन शून्य करा’ तर उलटच आहे. माइंडफुलनेसमध्ये मन रिकामं करायचंच नसतंय. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला माइंडफुलनेसचा जो ८ आठवड्यांचा कोर्स सुरू केला त्यात बॉडी स्कॅन असतो, आडवं पडून एकेका अवयवाकडं लक्ष न्यायचं. डावी टाच गादीला टेकलीय, तिथं थोडं दाबल्यासारखं वाटतंय, पोटरी जड आहे, आणि तेवढ्यात आठवतंय उद्या गॅसचा नंबर लावायचाय. आठवू दे की. आठवलं एवढं लक्षात आलं की परत टाचेवर यायचं, रागवायचं नाही. हेच काम आहे सगळं. आणि झोप आलीच पाहिजे म्हणून करायला बसलात तर दर दोन मिनिटांनी ‘आली का, आली का’ बघत बसाल आणि आणखी टक्क जागे व्हाल.

पहिल्याच रात्री फरक? २०१५ मध्ये अमेरिकेत ४९ वयस्क लोकांवरचा एक अभ्यास छापून आला होता, अर्ध्यांना ६ आठवडे माइंडफुलनेस शिकवलं, बाकीच्यांना झोपेच्या चांगल्या सवयी. झोपेच्या तक्रारींचा स्कोअर दोन्हीकडं १०.२ होता, माइंडफुलनेसवाल्यांचा ७.४ वर आला, दुसऱ्यांचा ९.१. म्हणजे फायदा झाला, चांगला झाला. पण त्या मोजपट्टीवर ५ च्या वर म्हणजे झोप खराबच धरतात, आणि हे ६ आठवड्यांनी. जुनाट निद्रानाशाला डॉक्टर पहिली पसंती देतात ती सीबीटी-आय नावाच्या, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायच्या उपचाराला, त्यात झोप येत नसेल तर अंथरुणात लोळत पडायचं नाही, उठायचं, आणि सकाळी उठायची वेळ ठरलेली ठेवायची असलं सगळं शिकवतात. माइंडफुलनेस त्याच्या जोडीला खुशाल करा.

घोरण्याबद्दल फार बोलायला नको. घोरता घोरता श्वास अडकत असेल आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागत असेल तर तो स्लीप अॅप्निया असू शकतो, घशातली वाट बंद होते तिथं ध्यान काय करणार, सरळ डॉक्टरांकडं जाऊन झोपेची तपासणी करून घ्या.

आणि गोळ्या कचऱ्यात टाका हे जे लिहिलंय ना, ते सगळ्यात वाईट. रोज बरेच दिवस घेतलेली झोपेची गोळी एकदम तोडली तर झोप आधीपेक्षा जास्त उडते, काही गोळ्यांच्या बाबतीत तर फिट्स येऊ शकतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोबाइलवर हा मेसेज आला असेल तर आजच विचारा त्यांना, गोळी चालू आहे का बंद केली. कमी करायचीच असेल तर ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांना विचारून, हळूहळू.