सर्दीचं औषध आणि डचेसचा गुन्हा

नमस्कार,

जॉन वेबस्टरच्या 'द डचेस ऑफ माल्फी' या नाटकावरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच धारेवर धरलंत. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: विधवा डचेसने भावांना अंधारात ठेवून आपल्याच कारभाऱ्याशी, अँटोनिओशी, लग्न केलं, म्हणजे त्या काळाच्या नजरेत ती दोषीच. मी तिच्यावर आजचा स्त्रीवाद लादला. आणि चौथ्या अंकात मरणारी बाई पाच अंकी नाटकाची नायिका कशी?

दोषाबद्दल तुम्ही एकटे नाही. समीक्षक क्लिफर्ड लीच यांनी १९५१ साली साधारण हेच मांडलं होतं. उलट तुमच्या बाजूचा आणखी एक पुरावा मीच देतो. ओव्हरबरीच्या 'कॅरेक्टर्स' या शब्दचित्रांच्या पुस्तकात १६१५ साली जी भर पडली, तीत सद्गुणी विधवेचं एक शब्दचित्र आहे आणि ते सहसा वेबस्टरचंच मानतात. ही विधवा मुलांसाठी लग्न करते आणि मुलांसाठीच दुसरं करत नाही.

पण नाटकात हा उपदेश कुणाच्या तोंडी आहे ते बघा. एक भाऊ कार्डिनल, म्हणजे चर्चचा बडा धर्मगुरू. त्याने दुसऱ्याची बायको ठेवलेली, आणि तिला तो मारतो ते विष लावलेल्या बायबलचं चुंबन घ्यायला लावून! विल्यम पेंटरच्या १५६७च्या कथेत डचेसला कामातुर म्हणून झोडपलंय. वेबस्टरने कथा तीच घेतली, पण ती झोडपाझोडपी भावांच्या गळ्यात बांधली. आणि 'त्या काळाची नजर' म्हणजे नक्की कुणाची? नाटक १६१३-१४च्या सुमारास रंगमंचावर आलं. तेव्हा परवानगीविना लग्न केलेली राजघराण्यातली अरबेला स्टुअर्ट इंग्लंडच्या जेम्स राजाच्या कैदेत होती. प्रेक्षागारातले सगळे राजाच्याच बाजूने बसले असतील, हे मला पटत नाही.

जर्दाळूंचा प्रवेश पुन्हा वाचा. डचेस गरोदर आहे का हे ताडायला भावाने तिच्या घरात नेमलेला बोसोला जर्दाळू आणतो. ती ते हावरटासारखी खाते. मग तो सांगतो की हे घोड्याच्या लिदीत पिकवलेत. लगेच तिच्या पोटात कळा. बाईच्या डोहाळ्यांत गुन्ह्याचा पुरावा शोधणारा इथे हेर आहे, आणि तोही पगारी. पुढे भावांच्या हुकमाने फास आवळला जायच्या आधी ती दासीला काय सांगते? मुलाला सर्दीचं औषध दे, मुलीला झोपण्याआधी प्रार्थना म्हणायला लाव. 'मी अजूनही माल्फीची डचेस आहे' हे वाक्य सगळे उद्धृत करतात. माझ्या मते ही औषधाची ओळ त्याहून भारी आहे. ती वाचली की कामातुर विधवेचं चित्र टिकत नाही.

दोन गोष्टी मात्र मान्य. डचेस राज्याची हर्तीकर्ती, पण ती राज्य करताना आपल्याला जवळजवळ दिसतच नाही, आणि पळून जाण्यासाठी ती लोरेटोच्या यात्रेचं सोंग घेते. हे सोंग दासी करिओलालाही रुचत नाही. मी ते सोयीस्करपणे गाळलं होतं. दुसरं, दुसऱ्या भावाचा, फर्डिनंडचा, थयथयाट म्हणजे जुळ्या बहिणीवरची वासना, असं म्हणून मी मोकळा झालो होतो. समीक्षक फ्रँक व्हिगम यांनी १९८५मध्ये त्यात उच्चकुलीन रक्ताला विटाळ होण्याची भीती दाखवली. ते वाचन माझ्यापेक्षा खोल आहे.

पाचव्या अंकात ती नाही हे खरं, पण नाटक तिच्याचभोवती फिरत राहतं. फर्डिनंड स्वतःला लांडगा समजून थडगी उकरतो. अँटोनिओ तिच्या थडग्याजवळ बोलतो, तर त्याचेच शब्द प्रतिध्वनी होऊन परत येतात आणि त्याला तो आवाज बायकोचा वाटतो. बोसोला तिच्यासाठी सूड घ्यायला निघतो आणि अंधारात चुकून अँटोनिओलाच मारतो.

शेवटी गादीचा वारस नक्की कोण, ही तुमची शंकाही रास्त आहे. पहिल्या नवऱ्याचा मुलगा तिसऱ्या अंकात एकदा उल्लेखापुरता येतो आणि मग गायब. शेवटी आईच्या हक्काने गादीसाठी पुढे केला जातो तो अँटोनिओचा मुलगा. हा घोळ वेबस्टरचाच, त्याची वकिली मी करणार नाही.