साहेब, तो दगड आहे

सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करा. आरशासमोर उभं राहून दहा वेळा म्हणायचं, चेहऱ्यावरची माशी हलू न देता: "साहेब, तो दगड आहे." पुढचं सगळं याच वाक्यावर उभं आहे, टाकी, टाकीचा स्टँड, त्याचा हप्ता, आणि झालाच तर तुमचा जामीन.

म्हणजे बघा, आपल्या सोलापुरात विजापूर रोडच्या टू बीएचकेत तुम्ही गप्पी नाहीतर गोल्डफिश पाळले असते तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. पण नाही, तुम्हाला रीफ टँक पाहिजे होता, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ वाढवायची टाकी. रात्री दोन वाजता कुठल्या तरी परदेशी माणसाच्या तळघरातला व्हिडिओ बघितला आणि संपलं. मुंबईचा समुद्र इथनं चारशे किलोमीटर, नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, मे महिन्यात पारा ४३-४४ ला, आणि हॉलमध्ये निळ्या लाइटखाली हिरवं-जांभळं काहीतरी डोलतंय. ते काहीतरी म्हणजे प्रवाळ, दिसायला झाडासारखा नाहीतर दगडासारखा, पण असतो समुद्रातला जिवंत प्राणी. आणि रीफ बांधणारी, कडक सांगाड्याची झाडून सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्यूल एकमध्ये २००१ पासून आहेत. शेड्यूल एक म्हणजे वाघाची रांग. शिक्षा तीन ते सात वर्षं, दंड कमीत कमी २५ हजार. तेव्हा कायद्याच्या हिशोबानं तुम्ही टीव्ही शेजारी वाघ बांधलाय, फक्त तुमचा वाघ जागचा हलत नाही आणि लाइट गेली की मरतो.

घाबरू नका, घाबरलेला माणूस बिल मागतो. बिल मागणं हा या हौशीतला सगळ्यात मोठा गाढवपणा. माल ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून थर्माकोलच्या खोक्यात पहाटे येतो, सोबत कागदाचा कपटा असतो त्यावर "रंगीत दगड ४ नग" एवढंच लिहिलेलं असतं, तो कपटा पण फाडून टाका. कायद्यात कलम ५७ म्हणून एक आहे, त्यात ताब्यात असला प्राणी सापडला तर तो बेकायदाच आहे असं धरून चालतात आणि नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. आता सिद्ध करायला कागद लागतो. कागद नाहीच. म्हणजे निदान खोटा कागद दाखवला हा दुसरा गुन्हा तरी लागत नाही, किती सोय आहे बघा.

कुणी म्हणेल हे भारतातलं नाहीच, इंडोनेशियाचं आहे. वा. मग सायटिस आलं, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा १९७५ पासून चालू असलेला आंतरराष्ट्रीय करार, भारत त्यात १९७६ पासून आहे, आणि कडक प्रवाळं सगळीच्या सगळी त्याच्या परिशिष्ट दोनमध्ये. म्हणजे ज्या देशातून आलं तिथला निर्यात परवाना पाहिजे. तो तुमच्या दुकानदाराकडे मागून बघाच एकदा. तो आधी हसेल, मग चहा सांगेल, आणि पुढच्या वेळी फोन उचलणार नाही.

आता नावाचं. नाव कधीही शिकू नका. दुकानात प्रवाळांची टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन असली नावं आहेत ती लै छान आहेत, टॉर्च म्हणजे बॅटरी आणि हॅमर म्हणजे हातोडी, पोलिसात सांगायला पण बरं. शास्त्रीय नावाच्या नादी लागलात की गोत्यात आलात. अमेरिकेत हेच झालं ना. २००९ मध्ये एका संस्थेनं अर्ज केला की ८३ जातींची प्रवाळं धोक्यात आहेत, संरक्षण द्या. सरकारनं २०१२ मध्ये ६६ नावं सुचवली, २०१४ मध्ये घासाघीस होऊन २० नवी नावं यादीत राहिली. तिकडच्या हौशी मंडळींचा जीव टांगणीला लागला, कारण त्या विसात युफायलिया पॅराडिव्हिसा म्हणून एक आहे, आणि ती म्हणजे घरोघरच्या टाक्यांत डोलणाऱ्या फ्रॉगस्पॉनचाच एक फांद्यावाला भाऊ. आता यादीतली बाकीची पुष्कळशी घ्या, आपल्या टाकीतलं तेच का त्याच्यासारखं दिसणारं दुसरं, हे सांगायला सांगाडा घेऊन जाणकारासमोर बसावं लागतं, आणि सांगाडा बघायचा तर प्रवाळ मेलेलं पाहिजे. म्हणजे तुम्ही निर्दोष आहात हे कळेल, पण पोस्टमॉर्टेममध्ये. नशीब त्यांचं, त्या जाती 'एंडेंजर्ड' म्हणजे नामशेष व्हायच्या बेतातल्या न ठरता त्याच्या एक पायरी खालच्या 'थ्रेटन्ड' ठरल्या, त्यामुळे विक्री-आयातीची बंदी आपोआप लागली नाही, वेगळा नियम काढावा लागतो. एका शब्दावर टाक्या वाचल्या. आपल्याकडे असल्या शब्दांचा घोळ नाही, सरसकट सगळं शेड्यूल एक, झटका एकदम.

त्या मंडळींची एक दलील मात्र उचलून ठेवा, कामाला येते. दलील अशी की आम्ही घरात प्रवाळ वाढवतो, तुकडे पाडून म्हणजे फ्रॅग करून एकमेकांना देतो, त्यामुळे समुद्रातून कमी तोडावं लागतं. गंमत म्हणजे यात तथ्य आहे. एका फांदीच्या दहा होतात, दहा घरी जातात, कुणी समुद्रात उतरत नाही. आणि क्लाउनफिश तर आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं हॅचरीत वाढवून दाखवलाय, तो समुद्रातून धरायची गरजच नाही. तेव्हा दलील छातीठोकपणे करा. फक्त समोरच्यानं "पण पहिली फांदी कुठनं आली?" असं विचारलं की लगेच फिल्टर साफ करायला उठायचं.

नोंदणी करू का, असं विचारणारे काही सज्जन असतात. करा की. २०२० मध्ये सरकारनं सांगितलं होतं, विदेशी प्राणी असतील तर सहा महिन्यांत स्वतःहून सांगा, कागद विचारणार नाही. तेव्हा तुम्ही लॉकडाऊनमध्ये डालगोना कॉफी फेटत होता. मग २०२४ च्या फेब्रुवारीत नियम आले, सायटिसच्या यादीतले जिवंत प्राणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवा, परत सहा महिने. त्यात जन्म, मृत्यू, कुणाला दिला, सगळं कळवायचं. आता पोपटाचं ठीक आहे, पोपट एक आहे का दोन हे शेजाऱ्याला पण माहिती असतं. प्रवाळाची एक मुठीएवढी वसाहत म्हणजे शेकडो पॉलिप, म्हणजे एकाला एक चिकटलेले बारके जीव, प्रत्येकाला स्वतःचं तोंड. संख्या काय लिहिणार? कटरनं एक फांदी तोडून मित्राला दिली, तर तो जन्म का हस्तांतर? नर का मादी विचारलं तर अॅक्रोपोरा नावाचं फांद्यावालं प्रवाळ एकाच वेळी दोन्ही असतं. आणि आपला हा जीव शेड्यूल एकमध्ये पण आहे, तेव्हा अर्ज भरताना नोंद होतेय का कबुलीजबाब, हे आधी वकिलाला विचारा, त्याची फी टाकीपेक्षा कमीच असेल.

आपल्याला खरं तर हे शिकवायला नको. आपण माळढोकवाले लोक. नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, क्षेत्र केवढं तर ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावंच्या गावं, शेतं, घरं, सगळं आत. पक्ष्याला ना गेट माहिती ना गट नंबर, पण जमिनीचा व्यवहार करायचा म्हटलं की माळढोक आडवा. वर्षानुवर्षं बोंबाबोंब झाली, मग क्षेत्र कापून १,२२२ वर आणलं. तोवर पक्षी कुठं राहिला होता. आता एखादा दिसला तर पेपरात फोटो येतो. या सगळ्यात आपण एक विद्या शिकलो, ती म्हणजे न दिसणं. बांधावर एवढा मोठा पक्षी उभा आहे आणि मालक म्हणतो, "कुठाय बे? तो बगळा हाय की." दगडाचं वाक्य तिथनंच आलंय. वाघाच्या रांगेतला माळढोक बगळा होऊ शकतो तर प्रवाळ दगड का नाही होणार.

बरं, पकडायला येणार कोण? आत्या आली होती आमच्या मित्राकडे, टाकीकडे बघत बसली, म्हणाली, "हे फुलं प्लास्टिकची हायत का रे, कुठनं आणलीस, मला पण सांग, देवघरात छान दिसतील." एवढीच चौकशी झाली आजवर. आत्याच्या स्वतःच्या बोटात मंगळासाठी पोवळं, ते रीफ बांधणारं नव्हे, भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं म्हणून सोनारानं दिलेलं, पण होता तोही जीवच. त्याला कुणी दगड म्हणत नाही, रत्न म्हणतात.

तेव्हा कायद्याची भीती सोडा, तुमचा खरा इन्स्पेक्टर मे महिना आहे. प्रवाळाला पाणी पाहिजे २५-२६ अंश. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला रंग देतं आणि जेवण पण बरंचसं तेच देतं, आणि पाणी नेहमीपेक्षा दोन-एक अंश गरम राहिलं की प्रवाळ त्या शैवालाला घराबाहेर काढतं, पांढरं पडतं आणि मग उपाशी मरतं. समुद्रात हेच चाललंय, २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या प्रवाळांवरची चौथी ब्लीचिंगची लाट जाहीर केली. समुद्राला त्यासाठी आठवडे लागतात, तुम्हाला एक दुपार पुरते. लाइट गेली, पाणी गार ठेवणारा चिलर बंद, इन्व्हर्टर दीड तासात आडवा, बायको फ्रीजमधल्या बर्फाच्या पिशव्या आणून देतेय आणि देताना जे बोलतेय ते इथं लिहिण्यासारखं नाही. चार दिवसांनी आलेलं पाणी आरओमधून गाळून, निम्म्याहून जास्त मोरीत सोडून, त्यात आयात केलेलं मीठ घालून तुम्ही जो समुद्र केला तो संध्याकाळी सहापर्यंत वरणाएवढा कोमट.

सकाळी बघाल तर पांढराशुभ्र. आता तो खरंच दगड आहे, वाक्य म्हणताना पापणी पण लवायची नाही. मात्र शेड्यूल मेल्यावर सुटत नाही, सांगाडा पण त्यातच येतो, तेव्हा हौसेनं शोकेसमध्ये तुळजाभवानीच्या फोटोशेजारी मांडू नका. गच्चीवर न्या, तुळशीच्या कुंडीत अर्धा पुरा. आई पाणी घालताना विचारेलच, "हे काय रे आणलंस?"

पाठ आहे ना?